फुकटचा सिक्युरिटी चेक: आधी दार कुणाचं ते विचारा



आजचा विषय थोडा टेक्निकल आहे, पण घाबरू नका, आपण तो आपल्या पद्धतीनं बघू. यात एक चूक माझीही आहे, ती आधी सांगून टाकतो.

‘गिऱ्हाइकाकडून पैसे मागण्याआधी त्याला काहीतरी उपयोगी फुकट द्या’ असा एक व्हिडिओ मी केला होता, जुन्या प्रेक्षकांना आठवत असेल. चष्म्याचं दुकान असेल तर नंबर फुकट तपासा, खताचं दुकान असेल तर माती परीक्षणाचा कॅम्प लावा, वगैरे. साताऱ्याच्या आपल्या बॅचमधला एक मुलगा आहे. वेबसाइट बनवून देतो, सीसीटीव्ही बसवतो, दोन-तीन पतसंस्थांचे कॉम्प्युटर सांभाळतो. त्यानं माझं ऐकलं. भाड्याचा एक सर्व्हर त्याच्याकडं होताच, त्यावर एक पान टाकलं: ‘तुमची वेबसाइट, तुमचं नेटवर्क सुरक्षित आहे का? मोफत तपासा!’ एक रिकामी चौकट, शेजारी हिरवं बटण. चौकटीत वेबसाइटचं नाव किंवा आयपी अ‍ॅड्रेस टाका, मोबाइल नंबर द्या, दोन मिनिटांत रिपोर्ट. मागं इंटरनेटवर फुकट मिळणारं एक स्कॅनर जोडलेलं. मला कल्पना इतकी आवडली की पुढच्या दोन बॅचेसना मी ती उदाहरण म्हणून सांगितली.

अडीच महिन्यांनी त्याचा सर्व्हर बंद पडला. म्हणजे बिघडला नाही, सर्व्हर भाड्यानं देणाऱ्या कंपनीनं बंद केला. ‘तुमच्या पत्त्यावरून दुसऱ्यांच्या मशीन वारंवार स्कॅन होत आहेत, आमच्याकडं तक्रार आली आहे’ असा मेल. त्याच सर्व्हरवर त्याच्या चौदा गिऱ्हाइकांच्या वेबसाइट होत्या. त्यात एका मंगल कार्यालयाचं बुकिंग होतं, आणि दिवस ऐन लग्नसराईचे. चार दिवस सगळं ठप्प.

पोरगा माझ्याकडं आला तेव्हा रडायच्या बेतात होता. ‘सर, मी कुणाचंच काही तपासलं नाही हो.’ आणि ते खरं होतं. त्यानं नव्हतं तपासलं. कुणीतरी त्याचं पान शोधून काढलं, एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि त्या चौकटीत रात्रभर एकामागून एक पत्ते भरत बसला. मोबाइल नंबरच्या जागी दहा वेळा नऊ. काम त्या माणसाचं, पण समोरच्याच्या नोंदीत पत्ता आला आपल्या साताऱ्याच्या पोराचा.

आता हे नेमकं काय होतं ते सोपं करून सांगतो. इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक मशीनला ६५,५३५ दारं असतात असं समजा. त्यांना पोर्ट म्हणतात. बहुतेक बंद असतात, काही कामासाठी उघडी ठेवावी लागतात. वेबसाइटचं दार ४४३ नंबरचं. लांबून दुसऱ्या कॉम्प्युटरचा स्क्रीन चालवायची विंडोजची सोय आहे, तिचं ३३८९. टॅली ईआरपी नाइन चालवणाऱ्यांना ९००० हा नंबर माहीत असेल. स्कॅनर म्हणजे गल्लीतून चालत जाऊन प्रत्येक दाराची कडी हलवून बघणारा माणूस. कुठलं दार उघडं, आत कोण राहतं, कुलूप कुठल्या कंपनीचं, किती जुनं. तो आत शिरत नाही, फक्त लिहून घेतो. एनमॅप नावाचं या कामाचं सगळ्यात प्रसिद्ध अवजार १९९७ पासून फुकट मिळतं आणि ते वाईट अजिबात नाही. स्वतःच्या घराची दारं रात्री हलवून बघणारा माणूस शहाणाच म्हणायचा.

प्रश्न आहे तो चौकटीचा. अवजार तुमच्या हातात असतं तेव्हा कडी तुम्ही हलवता. ते वेबपेजवर सगळ्यांसाठी ठेवलं की तुम्ही एक गडी रस्त्यावर उभा केला, आणि जो येईल त्याला सांगितलं, ‘याला पत्ता सांगा, हा जाऊन कडी हलवून येईल, आणि कुणी विचारलंच तर नाव माझं सांगेल.’

आपल्याकडं हळद ठेवायला हरिपूरला पेवं असायची, सांगलीकरांना सांगायला नको. दुसऱ्याचं पेव उघडून माल कसा आहे ते बघून देतो, अशी पाटी कुणी लावली असती तर त्याला आधी एकच प्रश्न आला असता: बाबा, पेव कुणाचं? इंटरनेटवर मात्र हा प्रश्न विचारायचाच राहून जातो.

पुढचा किस्सा सांगलीचाच. मार्केट यार्डातल्या एका पेढीचे मालक, वय साठीच्या पुढं, आपल्या जीएसटीच्या वर्गाला मुलाला घेऊन आले होते. चहाच्या वेळी त्यांनी मोबाइल पुढं केला. व्हॉट्सअ‍ॅपवर अकरा पानांची पीडीएफ. वर पेढीचं नाव, खाली लाल अक्षरात ‘हाय रिस्क’. सोबत कोटेशन: वर्षाची एएमसी अठरा हजार रुपये, आणि ‘तीन दिवसांत निर्णय न घेतल्यास डेटा चोरीची जबाबदारी आमची राहणार नाही.’

मी विचारलं, ‘अण्णा, तुम्ही यांना तपासायला सांगितलं होतं का?’

‘कुणाला? मी तर ह्या माणसाला ओळखतबी नाही.’

रिपोर्ट नीट बघितला. कुठल्यातरी परदेशी फुकट पानावरून काढलेला, त्यावर या माणसानं आपला लोगो चिकटवलेला. आणि ‘हाय रिस्क’ होतं काय? वेबसाइटचं दार उघडं आहे. अहो, वेबसाइटचं दार उघडंच असतं, नाहीतर लोक आत येणार कसे! पुढं गंमत बघा. त्या पेढीची वेबसाइट ज्या सर्व्हरवर होती तो तिचा एकटीचा नव्हताच, एका मोठ्या कंपनीच्या मशीनवर शेकडो वेबसाइट असतात, त्यातली ही एक. म्हणजे पेढीच्या नावानं तपासली गेली ती भलत्याच कंपनीची मशीन. पेढीच्या दुकानातला बिलिंगचा कॉम्प्युटर त्या रिपोर्टमध्ये कुठंच नव्हता. आणि खरी काळजी करायची होती ती त्याचीच, त्यावर पुढं बोलू.

अशी भीती आपल्या भागात पटकन विकली जाते, त्याला कारण आहे. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा हल्ला कुणी विसरलेलं नाही. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८, दोन दिवसांत ९४ कोटींहून जास्त रुपये गेले, बनावट कार्डं वापरून अनेक देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. सहकारी बँकेत ठेव असलेल्या प्रत्येक घरात त्या आठवड्यात तोच विषय होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांना सायबर सुरक्षेची किमान चौकट घालून दिली. ते चांगलंच झालं. पण मागोमाग बँक नसलेल्यांकडंही भीती विकणारे आले: पतसंस्था, दूध संघ, अडत दुकानं. मी पाहिलेल्या बऱ्याच कोटेशनांत पहिल्या पानावर कॉसमॉसची बातमी चिकटवलेली असते. आता कॉसमॉसमध्ये चोरांनी बँकेच्या यंत्रणेत आत शिरून एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेलाच बगल दिली होती. तुमच्या वेबसाइटचं ४४३ नंबरचं दार उघडं असण्याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही.

माझं मत मी स्पष्ट सांगतो. सगळ्यांना वापरता येईल असं स्कॅनर चालवायचं असेल, तर जो तपासायला सांगतोय त्याचंच ते मशीन आहे हे आधी सिद्ध झालं पाहिजे. सिद्ध झालं नाही तर तपासायचं नाही. गिऱ्हाईक गेलं तर गेलं.

यावर आपल्या बॅचमधले आयटीवाले लगेच म्हणतात, ‘सर, चोराकडं स्वतःचं स्कॅनर असतंच की. आम्ही पान बंद करून काय फरक पडतो?’ हा वाद आजचा नाही. एप्रिल १९९५ मध्ये डॅन फार्मर आणि वित्से व्हेनेमा या दोघांनी नेटवर्क तपासायचं अवजार सगळ्यांसाठी खुलं केलं तेव्हाही हाच गदारोळ झाला होता. नावच ‘सेटन’ ठेवलेलं, सैतान! (नाव खटकणाऱ्यांसाठी ते ‘सँटा’ करायची सोय त्यांनीच दिली होती, हे मला फार आवडतं.) त्या वादात मी फार्मर-व्हेनेमांच्या बाजूचा आहे. अवजार लपवून ठेवून कुणाचं घर सुरक्षित होत नाही. पण त्यांनी अवजार दिलं, आपला पत्ता नाही दिला. सेटन ज्याच्या मशीनवर चालेल, त्याचं नाव समोर उमटणार. तुमचं पान नेमकं उलटं करतं, चोराला तुमचा बुरखा देतं. ज्याला काहीच येत नाही, पण शेजारच्या दुकानदारावर खुन्नस आहे, त्यालाही ते हिरवं बटण दाबता येतं. फरक पडतो तो इथं.

आणि हे नीट करता येतं, लोकांनी करून दाखवलंय. स्टीव्ह गिब्सन नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरचं ‘शील्ड्स अप’ पान वर्षानुवर्षं चालू आहे. त्यात पत्ता टाकायला चौकटच नाही! तुम्ही ज्या कनेक्शनवरून ते पान उघडलं, तेच तपासलं जातं. शेजाऱ्याचं तपासायची इच्छा असली तरी सोय नाही. याहून साधा उपाय मी पाहिलेला नाही.

वेबसाइटच्या बाबतीत गुगलची पद्धत उचला. सर्च कन्सोलमध्ये तुमची वेबसाइट जोडताना ते म्हणतात, आम्ही देतो ती ओळ तुमच्या डोमेनच्या सेटिंगमध्ये टाका, किंवा ही फाइल वेबसाइटवर ठेवून दाखवा. मालकालाच ते जमतं. तुमच्या स्कॅनरलाही हेच लावा. ‘मी मालक आहे’ असा नुसता टिक मार्क घेऊ नका, टिक मार्क चोरही करतो.

इथं आपल्या भागातली एक अडचण आहे, ती मला मान्य आहे. निम्म्या लोकांचं डोमेन वेबसाइटवाल्यानं स्वतःच्याच नावावर घेतलेलं असतं, पासवर्ड मालकाला माहीतच नाही. मग ती ओळ टाकणार कोण? साताऱ्याच्या आपल्या मुलाचा पहिला आक्षेप हाच होता: ‘सर, दहातल्या आठांना जमणार नाही.’ मी म्हटलं, मग त्या आठांना आधी त्यांचं डोमेन त्यांच्या नावावर करून दे, तोच तुझा धंदा. स्कॅनपेक्षा त्याचीच त्यांना जास्त गरज आहे.

दुसरी अडचण जास्त बारीक आहे आणि ती शील्ड्स अपलाही लागू होते. मोबाइलचं इंटरनेट आणि काही ब्रॉडबँड कंपन्या शेकडो गिऱ्हाइकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. तुमचा, वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांचा आणि पलीकडच्या गल्लीतल्या क्लासचा पत्ता एकच. अशा वेळी ‘माझं’ म्हणून जे तपासलं जातं ते कंपनीचं मशीन असतं, तुमचा राउटर नव्हे. ‘सगळं बंद’ असा हिरवागार रिपोर्ट आला तरी तो तुमच्या घराचा नसतो. कनेक्शन देणाऱ्याला फोन करून ‘मला स्वतंत्र पब्लिक आयपी आहे का’ एवढं विचारा, मगच त्या रिपोर्टकडं बघा.

स्कॅनरचं पान टाकणाऱ्यांसाठी एक धोका तर कुणी लक्षातच घेत नाही. चौकटीत बाहेरचाच पत्ता येईल असं आपण गृहीत धरतो. पण एखाद्यानं १९२.१६८ नं सुरू होणारा, म्हणजे ऑफिसच्या आतला पत्ता टाकला तर? किंवा १२७.०.०.१, म्हणजे ‘तू स्वतः’? तुमचा गडी इमानदारीनं मागं वळतो आणि तुमच्याच घराच्या खोल्या तपासून रिपोर्ट परक्याच्या हातात देतो. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेची सुमारे १० कोटी लोकांची माहिती गेली, त्यामागंही याच जातीची युक्ती होती, बाहेरून सांगून सर्व्हरला आतल्या पत्त्याकडं पाठवायचं. तेव्हा असे आतले पत्ते थेट नाकारायचे. आणि नाव दिलं असेल तर त्या नावामागचा पत्ता कुठला निघतो ते स्कॅन सुरू करताना पुन्हा बघायचं, कारण नाव बाहेरचं आणि पत्ता आतला असं करता येतं.

बाकी वेग. एका पत्त्यावरून दिवसाला दोन-तीन तपासण्या पुरे. ६५ हजार दारं हलवायची गरज नाही, छोट्या धंद्याला वीस-पंचवीस दारं तपासली तरी भागतं. रिपोर्ट ज्याचं डोमेन आहे त्याच्याच मेलवर जावा, लिंक उघड्यावर नको.

तक्रारीची जागाही ठेवा. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप आणलं. त्यानं सगळ्या जगाचे आयपीव्ही४ पत्ते ४५ मिनिटांच्या आत चाळता येतात. एवढी ताकद हातात आल्यावर त्यांनी चांगल्या वागणुकीचे नियमही लिहिले: ज्या मशीनवरून स्कॅन करता त्याच पत्त्यावर ‘आम्ही कोण, का करतोय’ हे लिहून ठेवा, आणि ‘आमच्याकडं येऊ नका’ असं कुणी कळवलं तर त्याला वगळा. जगभर फिरणाऱ्यांनी एवढं पाळायचं ठरवलं, तर कऱ्हाड-विट्यात सेवा देणाऱ्यांना जड जायला नको.

कायद्याचं थोडक्यात. मी वकील नाही, नुसती कडी हलवणं गुन्हा होतो का यावर वकिलांत मतभेद आहेत. पण माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ एकदा वाचा. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये प्रवेश करणारा त्यात आहेच, शिवाय अशा प्रवेशाला मदत करणाराही आहे. हेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूनं केलं तर कलम ६६, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या आदेशात सहा तासांत कळवायच्या घटनांची जी यादी आहे, त्यात महत्त्वाच्या यंत्रणांचं ठरवून केलेलं स्कॅनिंग स्पष्ट लिहिलंय. त्याच आदेशात १८० दिवसांच्या नोंदी ठेवायला सांगितलंय. उद्या कुणी विचारलं, ‘त्या रात्री तुमच्या सर्व्हरला हे पत्ते कुणी दिले?’ तर तुमच्या हातात काय आहे? दहा वेळा नऊ?

आता तुमच्यापैकी ज्यांना असा रिपोर्ट येईल त्यांच्यासाठी. पैसे देण्याआधी पाठवणाऱ्याला तीन गोष्टी लेखी विचारा: कुठला पत्ता तपासला, कधी तपासला, कुणाच्या परवानगीनं. सांगलीच्या अण्णांनी माझ्यासमोरच मुलाकडून हा मेसेज टाइप करून पाठवला. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही. आणि कृपा करून ‘बघू तरी’ म्हणून शेजारच्या पेढीचं नाव अशा पानावर टाकू नका. उत्सुकतेपोटी केलं तरी ते परवानगीशिवायच.

पण नुसतं ‘फसवा रिपोर्ट’ म्हणून हसून सोडून देऊ नका, म्हणून अण्णांच्या दुकानाचं सांगतो. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या परवानगीनं, त्यांच्या मुलाला शेजारी बसवून दुकानाचं कनेक्शन तपासलं. त्यांना स्वतंत्र आयपी होता. ३३८९ चं दार सताड उघडं! घरून टॅली बघता यावी म्हणून कुणीतरी तीन वर्षांपूर्वी करून दिलं होतं. पासवर्ड पेढीचं नाव आणि एक-दोन-तीन. कॅमेऱ्याच्या डीव्हीआरला कंपनीनं दिलेलाच पासवर्ड. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं असेच कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. म्हणजे अठरा हजारांच्या रिपोर्टनं नको ते दार दाखवलं, आणि हळदीच्या हंगामाची सगळी देणी-घेणी ज्या मशीनवर होती तिचं दार कुणालाच दिसलं नाही. मुलानं बसल्या जागी ते बंद केलं. अर्धा तास लागला.

साताऱ्याच्या मुलानं पान पुन्हा सुरू केलंय. चौकट काढून टाकली. आता तिथं त्याचा फोन नंबर आहे आणि एक पानाचं परवानगीपत्र, त्यावर मालकाची सही, तपासायचा पत्ता, तारीख आणि वेळ. चौदापैकी दोन गिऱ्हाइकं त्या चार दिवसांत गेली ती गेलीच, मंगल कार्यालय त्यातलंच. पूर्वी दिवसाला वीस-पंचवीस लोक बटण दाबायचे, आता आठवड्याला दोन-तीन फोन येतात. परवा त्याचा मेसेज आला, कोरेगावच्या एका पतसंस्थेनं परवानगीपत्राचा ठराव संचालक मंडळाच्या बैठकीत ठेवलाय, त्यामुळं काम पुढच्या महिन्यात. ते परवानगीपत्र त्यानं आपल्या सगळ्यांना वापरायला दिलंय. व्हिडिओच्या खाली लिंक टाकली आहे. त्यात आपल्या फर्मचं नाव घालताना त्याच्या फर्मचं काढायला विसरू नका, गेल्या वेळी भाडेकराराच्या नमुन्यात तिघांनी माझंच नाव तसंच ठेवलं होतं.